स्टॅनली हेन्री प्रेटर

स्टॅनली हेन्री प्रेटर (१२ मार्च, १८९० – १२ ऑक्टोबर, १९६०) हे मुंबईत कार्य केलेले निसर्ग अभ्यासक, संग्रहालयतज्ज्ञ, लेखक आणि अँग्लो-इंडियन समाजाचे लोकप्रतिनिधी होते. बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी (बी.एन.एच.एस.) या संस्थेचे, तसेच प्रिन्स ऑफ वेल्स संग्रहालयाच्या (सध्याचे छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय) निसर्गइतिहास विभागाचे ते दीर्घकाळ अभिरक्षक होते. भारतातील सस्तन प्राण्यांचा सर्वसामान्य वाचकाला परिचय करून देणारे त्यांचे द बुक ऑफ इंडियन ॲनिमल्स (१९४८) हे पुस्तक आजही अभ्यासकांच्या वापरात आहे. भारताच्या संविधान सभेचे ते सदस्य होते.

प्रेटर यांची ओळख बहुधा या एका पुस्तकापुरती सांगितली जाते. मात्र पुस्तकाच्या आधीची सुमारे पंचवीस वर्षे त्यांनी वेगळ्याच कामात घालवली होती. प्राणी पाहायला आलेल्या माणसाला त्या प्राण्याचे जगणे कसे समजेल, हा त्या कामाचा विषय होता. मुंबईच्या संग्रहालयातील अधिवास-देखावे, म्हणजे डायोरामा, हे त्याचे दृश्य फळ होय.

प्रारंभिक जीवन

प्रेटर यांचा जन्म दक्षिण भारतातील निलगिरी डोंगरांच्या प्रदेशात झाला. त्यांचे वडील कॉफीचे मळेवाले होते. शिक्षण मुंबईत माझगाव येथील सेंट मेरीज या जेझुइट पंथीयांच्या शाळेत झाले. माझगावहून भायखळ्याची राणीची बाग फार दूर नाही. १९०७ साली, वयाच्या सतराव्या वर्षी, ते बी.एन.एच.एस.च्या सेवेत दाखल झाले आणि पुढील चार दशके त्यांचे आयुष्य या संस्थेशी बांधले गेले.

पार्श्वभूमी : राणीच्या बागेतून अपोलो स्ट्रीटला

बी.एन.एच.एस.चा जन्म १५ सप्टेंबर, १८८३ रोजी भायखळ्याच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात (सध्याचे डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालय) झाला. हे संग्रहालय व्हिक्टोरिया गार्डन्स, म्हणजेच राणीच्या बागेच्या आवारात आहे. संस्थेच्या आठ संस्थापकांत दोन भारतीय होते. एक प्रार्थना समाजाचे संस्थापक डॉ. आत्माराम पांडुरंग आणि दुसरे वनस्पतींचे जाणकार डॉ. सखाराम अर्जुन, जे डॉ. रखमाबाई यांचे सावत्र वडील म्हणूनही परिचित आहेत. उरलेल्या सहांपैकी एडवर्ड हॅमिल्टन एटकेन यांचा जन्म साताऱ्याचा, तर रॉबर्ट स्टर्नडेल यांनी भारतातील सस्तन प्राण्यांवर १८८४ साली ग्रंथ लिहिला.

या मंडळींनी महिन्यातून एकदा जमावे, कोणाला काय सापडले ते एकमेकांना दाखवावे, एवढाच प्रारंभीचा बेत होता. जानेवारी १८८४ मध्ये मद्याचे व्यापारी एच. एम. फिप्सन यांनी फोर्ट भागातील आपल्या दुकानाची जागा देऊ केली आणि १८८६ मध्ये संस्था ६, अपोलो स्ट्रीट येथे स्थलांतरित झाली. फिप्सन यांच्या दुकानात मेलेल्या प्राण्यांच्या कातड्यांबरोबर जिवंत प्राणीही ठेवलेले असत. त्यांतील सर्वांत प्रसिद्ध म्हणजे कारवारहून १८९४ साली आलेले विल्यम नावाचे महाधनेशाचे पिल्लू. हा पक्षी फिप्सन यांच्या खुर्चीमागे सव्वीस वर्षे राहिला आणि १९२० साली मरण पावला. सोसायटीच्या बोधचिन्हावरील धनेश तोच. प्रेटर नोकरीला लागले तेव्हा विल्यम तेथे होता आणि त्यानंतर तेरा वर्षे होता. पिंजऱ्यातील प्राणी माणसाला जवळचा वाटतो, पण तो रानात कसा राहतो हे पिंजरा सांगत नाही, याचे उदाहरण या कार्यालयात रोज डोळ्यांसमोर होते.

प्रेटर सोसायटीत आले त्याच वर्षी जर्मनीत कार्ल हागेनबेक यांनी हॅम्बुर्गजवळील स्टेलिंगेन येथे आपले प्राणिसंग्रहालय उघडले. त्यात गजांऐवजी खंदक होते आणि प्राणी कृत्रिम खडकांच्या, मोकळ्या वाटणाऱ्या देखाव्यात दिसत. संग्रहालयांत हाच विचार थोडा आधी सुरू झाला होता. कार्ल एकली यांनी १८९० साली, म्हणजे प्रेटर यांच्या जन्मवर्षी, अमेरिकेतील मिलवॉकी येथे कस्तुरी-उंदरांचा देखावा रचला. पाणथळ जागेतील घर, पाण्याखालचा भाग, काठावरचे गवत आणि मागे रंगवलेले दृश्य असे सारे त्यात एकत्र होते. जिवंत प्राण्यांच्या आणि मृत प्राण्यांच्या प्रदर्शनातले हे दोन बदल एकाच प्रश्नातून निघाले होते. प्राणी दाखवायचा की त्याचे घर?

सस्तन प्राणी सर्वेक्षण

सोसायटीचे मानद सचिव डब्ल्यू. एस. मिलार्ड यांच्या पुढाकाराने १९११ साली भारतीय सस्तन प्राण्यांचे सर्वेक्षण सुरू झाले व ते १९२३ पर्यंत चालले. खानदेश आणि वऱ्हाड हे सर्वेक्षणाच्या पहिल्या टप्प्यांतील प्रदेश होत. सातपुड्याच्या पायथ्याशी असलेल्या या मुलखातील उंदीर, खारी, वटवाघळे, चिचुंद्र्या यांचे नमुने प्रथमच पद्धतशीरपणे गोळा झाले. वाघ-बिबट्यांच्या शिकारकथांत या लहान प्राण्यांना स्थान नव्हते. सर्वेक्षणाने ते मिळवून दिले. नमुने लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये अभ्यासासाठी पाठवले जात. तेथे ओल्डफिल्ड थॉमस आणि मुंबई इलाख्यातील निवृत्त वनाधिकारी आर. सी. रॉटन यांनी त्यांचे वर्गीकरण केले.

प्रेटर यांनी या संग्रहांवर काम केले आणि काही मोहिमांत भागही घेतला. प्रत्येक नमुन्याला एक चिठ्ठी असे. त्यावर प्राणी सापडल्याचे ठिकाण, तारीख, शरीराची मापे, नर की मादी आणि गोळा करणाऱ्याचे नाव लिहिलेले असे. ज्या कातड्याला अशी चिठ्ठी नाही त्याची शास्त्रीय किंमत जवळजवळ शून्य, हा या कामातील पहिला धडा होता. विद्यापीठाऐवजी चिठ्ठ्या, मापे आणि कवट्या यांतून प्रेटर यांचे प्राणिशास्त्राचे शिक्षण झाले. तत्कालीन अभिरक्षक नॉर्मन किनिअर हे पुढे लंडनच्या निसर्गइतिहास संग्रहालयाचे संचालक झाले.

संग्रहालयातील निसर्गइतिहास विभाग

प्रिन्स ऑफ वेल्स संग्रहालयाची कोनशिला ११ नोव्हेंबर, १९०५ रोजी बसवण्यात आली. जॉर्ज विटेट यांनी रचलेली इमारत १९१४ मध्ये तयार झाली, परंतु पहिल्या महायुद्धाच्या काळात ती लष्करी रुग्णालयासाठी वापरली गेली. संग्रहालय म्हणून ती १० जानेवारी, १९२२ रोजी खुली झाली. निसर्गइतिहास विभागासाठी संग्रहालयाने बी.एन.एच.एस.चे सहकार्य घेतले आणि सोसायटीच्या संग्रहाचा मोठा भाग तेथे आला. १९२३ मध्ये प्रेटर अभिरक्षक झाले. चार्ल्स मॅककॅन हे त्यांचे साहाय्यक होते. वनस्पती आणि प्राणी या दोन्हींची उत्तम जाण असलेले मॅककॅन हे पुढे ब्लॅटर यांच्याबरोबर मुंबई इलाख्यातील गवतांवरील ग्रंथाचे सहलेखक झाले.

अभ्यासकाचा संग्रह आणि प्रेक्षकाचे दालन या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. अभ्यासकाला एकाच जातीची पन्नास कातडी हवी असतात, कारण त्याला त्यांतील फरक मोजायचे असतात. प्रेक्षक मात्र एका ओळीत ठेवलेली पन्नास कातडी पाहून दुसऱ्या मिनिटाला पुढे सरकतो. एकोणिसाव्या शतकातील बहुतेक संग्रहालयांनी हा भेद मानला नव्हता. पेंढा भरलेले प्राणी काचेच्या कपाटांत दाटीवाटीने उभे केले जात आणि त्यांच्या पायाशी लॅटिन नावाची पाटी असे. अशी संग्रहालये उत्तर भारतात अजबखाना किंवा जादूघर या नावांनी ओळखली जात, त्यात नवल नव्हते. नवलाची वस्तू पाहायची आणि घरी जायचे, एवढाच प्रेक्षकाचा व्यवहार होता.

प्रेटर यांनी इंग्लंड व अमेरिकेतील संग्रहालयांच्या मांडणीच्या पद्धती पाहिल्या होत्या आणि मुंबईच्या दालनासाठी त्यांनी अधिवास-देखाव्यांचा मार्ग स्वीकारला. रोहित पक्ष्यांचा थवा, महाधनेश, गवा आणि वाघ हे या विभागातील प्रसिद्ध देखाव्यांचे विषय आहेत. देखाव्यांच्या जोडीला आकृत्या व तक्ते लावलेले असतात. प्राणी ज्या जातीच्या झाडाखाली उभा राहतो, ज्या मातीत चालतो, ज्या ऋतूत पिल्ले घालतो ते सारे काचेआड एका चौकटीत आणायचे, असा हा प्रकार असतो. महाधनेशाचे उदाहरण घेतले तर मुद्दा स्पष्ट होतो. या पक्ष्याची मादी झाडाच्या ढोलीत स्वतःला जवळजवळ कोंडून घेते. ढोलीचे तोंड लिंपले जाते आणि उरलेल्या फटीतून नर तिला अन्न भरवतो. फांदीवर बसवलेला एकटा पेंढा भरलेला धनेश यातले काहीच सांगू शकत नाही. पिंजऱ्यातला जिवंत धनेशही सांगू शकत नाही. ढोली आणि फट दाखवणारा देखावा मात्र ते शब्दांविना सांगू शकतो.

असा देखावा उभारणे खर्चाचे आणि चिकाटीचे काम असते. जुन्या पद्धतीत कातड्यात पेंढा किंवा भुसा ठासून भरला जाई आणि प्राणी फुगलेल्या पोत्यासारखा दिसे. एकली यांनी रूढ केलेल्या पद्धतीत प्राण्याची मापे घेऊन आधी मातीचा पुतळा घडवतात. त्यात स्नायूंचे उंचवटे, शिरा आणि अंगाचा झोक सारे असते. मग त्याचा साचा काढून हलका पोकळ सांगाडा बनवतात आणि त्यावर कमावलेले कातडे चढवतात. पाने व फुले मेणाची किंवा कापडाची करावी लागतात, कारण खरी पाने सुकून रंग सोडतात. पाठीमागची भिंत वक्र ठेवून तिच्यावर दूरचे डोंगर किंवा पाणी रंगवले जाते. भिंतीला कोपरा नसल्याने डोळ्याला अंतराचा भास होतो. खरी जमीन कोठे संपते आणि चित्र कोठे सुरू होते हे कळू न देणे, ही चित्रकाराची कसोटी असते. प्रकाश वरून, प्रेक्षकाला न दिसेल असा सोडतात.

मुंबईत याला आणखी एक अडचण होती, ती हवामानाची. जून ते सप्टेंबर हवेत एवढी आर्द्रता असते की कातड्याला बुरशी धरते. कातडे व केस खाणारे भुंगेरे बारमाही असतात, शिवाय समुद्र जवळ असल्याने हवा खारट. थंड देशात एकदा बंद केलेली दृश्यपेटी वर्षानुवर्षे तशीच राहू शकते, मुंबईत तिची सतत निगा राखावी लागते. ही निगा प्रेक्षकाला कधीच दिसत नाही, आणि ती नीट झाली तरच दिसत नाही.

या देखाव्यांतील एक विरोध आज अधिक ठळकपणे जाणवतो. वाघाचे जीवन दाखवण्यासाठी वाघ मारावा लागे. सोसायटीचे अनेक सभासद शिकारी होते आणि संग्रहालयांना नमुने पुरवणारेही बहुधा तेच. संरक्षणाची भाषा शिकारीच्या छावणीतूनच पुढे येत होती. प्रेटर यांच्या पिढीने हा विरोध सोडवला नाही, ती तो घेऊनच काम करत राहिली. मात्र एका देखाव्यासाठी गेलेला प्राणी पुढील कित्येक दशके शाळकरी मुलांना शिकवत राहतो आणि दिवाणखान्यातील शिकारचिन्ह फक्त मालकाची मिरवणूक करते, एवढा फरक त्यांच्या बाजूने मांडता येतो.

मार्गदर्शक व्याख्यात्याचे पद

देखावा कितीही बोलका असला तरी काही गोष्टी कोणीतरी सांगाव्याच लागतात. यासाठी नव्याने सुरू झालेल्या विभागात मार्गदर्शक व्याख्याता असे पद ठेवण्यात आले. १९२६ साली या पदावर दरमहा ३५० रुपये पगारावर नेमणूक झाली ती सालिम अली यांची. विद्यापीठाची पदवी नसल्याने भारतीय प्राणी सर्वेक्षण संस्थेतील जागा त्यांना मिळाली नव्हती. लहानपणी, १९०८ साली, मारलेली पिवळ्या गळ्याची चिमणी घेऊन ते सोसायटीत आले होते आणि मिलार्ड यांनी त्यांना कपाटे उघडून पक्ष्यांचा संग्रह दाखवला होता, तो प्रसंग महाराष्ट्रातील वाचकांना परिचित आहे. त्या वेळी प्रेटर सोसायटीतील अठरा वर्षांचे नवे कर्मचारी होते.

व्याख्यात्याने दालनात आलेल्या विद्यार्थ्यांच्या गटांना घेऊन फिरायचे, थांबायचे, प्रश्न विचारू द्यायचे, अशी ही भूमिका होती. भारतीय संग्रहालयात त्या काळी ती नवीच म्हटली पाहिजे. सालिम अली १९२८ मध्ये रजा घेऊन बर्लिनला एर्विन श्ट्रेझमान यांच्याकडे शिकण्यास गेले. १९३० मध्ये परतले तेव्हा निधीअभावी हे पदच रद्द झाले होते. सालिम अलींच्या चरित्रांत हा प्रसंग इष्टापत्ती म्हणून येतो, कारण नोकरी नसल्याने ते किहीमला राहिले आणि सुगरण पक्ष्यांचा त्यांचा प्रसिद्ध अभ्यास तेथे झाला. संग्रहालयाच्या बाजूने पाहिले तर मात्र ती हानीच होती. देखावे उभे राहिले होते आणि ते समजावून सांगणारा माणूस गेला होता. काटकसर करायची वेळ आली की दालन बंद होत नाही, बोलणारा माणूस आधी जातो, हा अनुभव पुढेही अनेक संग्रहालयांना आणि प्राणिसंग्रहालयांना आला आहे.

मार्गदर्शकाची उणीव काही अंशी छापील साहित्याने भरून काढण्याचा प्रयत्न सोसायटीने केला. विषारी साप कसे ओळखावेत हे दाखवणारे भिंतीवरचे तक्ते इंग्रजीखेरीज मराठी व गुजरातीतही निघाले. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे यांच्या खवल्यांच्या रचनेतील फरक चित्रांनी दाखवणारा तक्ता शाळेच्या किंवा दवाखान्याच्या भिंतीवर लावता येत असे. संग्रहालयात कधीही न येणाऱ्या माणसापर्यंत पोहोचणारे हे प्रदर्शनच होते. त्याचा उपयोगही थेट होता, कारण सर्पदंशानंतरच्या घबराटीत मारल्या जाणाऱ्या सापांपैकी बहुतेक बिनविषारी असतात.

वन्यजीव संरक्षण

सोसायटीच्या नियतकालिकाच्या संपादनात प्रेटर यांचा प्रमुख वाटा होता. १९३३ मध्ये संस्थेला पन्नास वर्षे झाली. त्या सुवर्णमहोत्सवाच्या निमित्ताने त्यांनी भारतातील वन्य प्राणी आणि त्यांच्या रक्षणाचा प्रश्न मांडला. राखीव जंगलांत प्राण्यांना काही प्रमाणात आसरा आहे, पण शेती आणि गायराने यांच्या टापूत ते झपाट्याने संपत आहेत, याकडे त्यांनी लक्ष वेधले. मोटार आणि सुधारलेल्या बंदुका यांनी मैदानी प्रदेशातील हरणांचे जे केले ते पूर्वीच्या शतकांत झाले नव्हते. केवळ कायदा पुरेसा नाही, त्यामागे लोकमत हवे, अशी त्यांची भूमिका होती. लोकमत घडवण्याचे साधन म्हणूनच ते संग्रहालय, तक्ते आणि पुस्तके यांच्याकडे पाहत असत. अमेरिकेतील यलोस्टोन (१८७२) आणि दक्षिण आफ्रिकेतील क्रूगर (१९२६) ही राष्ट्रीय उद्याने तोवर अस्तित्वात आली होती. भारतातील पहिले राष्ट्रीय उद्यान, सध्याचे कॉर्बेट, १९३६ साली स्थापन झाले.

भारतीय सस्तन प्राण्यांवरील त्यांची लेखमाला याच दशकात सोसायटीच्या नियतकालिकातून प्रसिद्ध झाली.

द बुक ऑफ इंडियन ॲनिमल्स

या लेखमालेतून पुढे पुस्तक तयार झाले आणि सोसायटीने ते १९४८ साली प्रकाशित केले. त्यापूर्वी या विषयावर ब्लॅनफर्ड यांचा ग्रंथ (१८८८–९१) आणि पोकॉक यांचे खंड (१९३९ व १९४१) उपलब्ध होते. ते विद्वानांसाठी लिहिलेले होते. कवटीच्या मापांच्या आणि दातांच्या तपशिलांतून वाट काढण्याची तयारी नसलेल्या वाचकाला त्यांचा उपयोग नव्हता. सालिम अलींच्या पक्ष्यांवरील पुस्तकाने १९४१ साली दाखवून दिले होते की चांगली चित्रे आणि नेमका मजकूर असेल तर भारतीय वाचक अशा पुस्तकाचे स्वागत करतो.

प्रेटर यांची रचना दालनात फिरवणाऱ्या माणसासारखी आहे. प्रत्येक कुळाच्या आरंभी एक प्रास्ताविक येते. मांजरकुळातील प्राण्यांच्या नख्या आत का ओढल्या जातात, रवंथ करणाऱ्यांना चार कप्प्यांचे पोट कशासाठी लागते, शिंग आणि सांबरशिंग यांत फरक काय, हे तेथे समजते. त्यानंतर एकेक जात येते. तिची स्थानिक नावे, आकारमान, ओळखण्याच्या खुणा, आढळण्याचा प्रदेश आणि सवयी असा क्रम असतो. स्थानिक नावांत हिंदी, तमिळ, बंगाली अशा भाषांबरोबर मराठी नावेही दिलेली आहेत. ही बाब किरकोळ वाटली तरी तिचे मोल मोठे आहे. लॅटिन नावाने प्राणी ओळखणारा वाचक आणि भेकर, चौशिंगा, रानमांजर या नावांनी तोच प्राणी ओळखणारा गावकरी यांची गाठ या ओळीत पडते. सातपुड्यातील वनरक्षकाला हातात पुस्तक नसतानाही प्राणी ठाऊक असतो. पुस्तक असलेल्या विद्यार्थ्याला त्याच्याशी बोलता येण्यासाठी हे नाव लागते.

पुस्तकात चित्त्याचेही वर्णन आहे. ते प्रकाशित झाले त्याच सुमारास भारतातील शेवटचे ज्ञात चित्ते मारले गेले आणि १९५२ मध्ये चित्ता देशातून नष्ट झाल्याचे जाहीर करण्यात आले.

पुस्तकाची दुसरी आवृत्ती १९६५ साली, म्हणजे लेखकाच्या निधनानंतर, आणि तिसरी १९७१ साली निघाली. नंतरच्या आवृत्त्यांत फ्रेंच चित्रकार पॉल बारुएल यांची रंगीत चित्रे आहेत. प्राण्यांची शास्त्रीय नावे व वर्गीकरण तेव्हापासून बरेच बदलले असून विवेक मेनन यांच्यासारख्या लेखकांची अधिक अद्ययावत क्षेत्रपुस्तिका आता उपलब्ध आहे. तरीही सवयींच्या वर्णनासाठी प्रेटर वाचले जातात. ओळखीच्या खुणा पुढील पुस्तकांनी अधिक चांगल्या दिल्या असतील, प्राण्याच्या दिनक्रमाचे चित्र मात्र क्वचितच.

राजकीय कार्य

प्रेटर यांनी १९३० ते १९४७ या काळात मुंबई विधिमंडळात अँग्लो-इंडियन व भारतात स्थायिक झालेल्या युरोपीय समाजाचे प्रतिनिधित्व केले. डिसेंबर १९४६ मध्ये कामकाज सुरू झालेल्या संविधान सभेत ते अँग्लो-इंडियन समाजाचे सदस्य होते. त्याच समाजाचे फ्रँक अँथनी हेही सभेत होते. रेल्वे, तार आणि जकात खात्यांतील नोकऱ्यांवर अवलंबून असलेल्या या लहान समाजापुढे सत्तांतराच्या वेळी आपले स्थान काय राहील हा प्रश्न उभा होता. सकाळी संग्रहालय आणि दुपारी विधिमंडळ, असे जीवन जगणारा दुसरा निसर्ग अभ्यासक त्या काळात सहसा आढळत नाही. ब्रिटिश सरकारने त्यांना ओ.बी.ई. हा किताब दिला. लंडनच्या झूलॉजिकल सोसायटीचे ते पत्रव्यवहारी सदस्य होते.

अखेरचा काळ

स्वातंत्र्यानंतर प्रेटर इंग्लंडला गेले आणि तेथेच स्थायिक झाले. चार्ल्स मॅककॅन यांनी न्यूझीलंडची वाट धरली. सोसायटीच्या युरोपीय सदस्यांपैकी अनेक जण याच सुमारास भारत सोडून गेले आणि संस्थेची धुरा सालिम अली व त्यांच्या सहकाऱ्यांकडे आली. निलगिरीत जन्मून मुंबईत चार दशके काम केलेल्या प्रेटर यांचे १२ ऑक्टोबर, १९६० रोजी लंडन येथे निधन झाले. सोसायटीचे हॉर्नबिल हाऊस हे स्वतःचे घर त्यांच्या संग्रहालयाच्या शेजारी १९६५ साली उभे राहिले, ते पाहण्यास ते नव्हते.

प्रदर्शनांचा पुढील प्रवास

वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ नंतर प्रदर्शनासाठी वन्य प्राणी मारण्यावर कडक निर्बंध आले. त्यामुळे त्यापूर्वी तयार झालेले नमुने पुन्हा सहज मिळणारे नाहीत आणि त्यांचे जतन हेच मुख्य काम बनले. १९४८ च्या सुमारास सोसायटीने शाळांसाठी निसर्गशिक्षणाचा स्वतंत्र उपक्रम हाती घेतला आणि पक्षी, प्राणी, झाडे यांवरील सचित्र पुस्तिका मराठीसह अनेक भारतीय भाषांत काढल्या.

प्राणिसंग्रहालयांच्या बाजूनेही पुढे तेच प्रश्न आले. १९९२ मध्ये केंद्रीय प्राणिसंग्रहालय प्राधिकरण स्थापन झाले. १९९८ च्या राष्ट्रीय धोरणाने केवळ करमणुकीसाठी प्राणी ठेवणे हा हेतू मागे टाकून संवर्धन आणि लोकशिक्षण यांवर भर दिला. प्रत्येक आवारापुढे प्राण्याची माहिती देणारा फलक लावणे नियमाने आवश्यक झाले. प्राण्याला त्याच्या अधिवासासारखे आवार मिळावे हा आग्रहही आता सर्वमान्य आहे. राणीच्या बागेत २०१७ पासून पेंग्विन काचेआडच्या थंड कक्षात दिसतात, तेथे काच, रंगवलेले खडक आणि वरून सोडलेला प्रकाश हे सारे संग्रहालयातील देखाव्याची आठवण देणारे आहे.

प्रेटर यांच्या कार्याशी जोडलेल्या मुंबईतील दोन्ही वास्तूंची नावे त्यांच्या पश्चात बदलली. संग्रहालयाला १९९८ मध्ये छत्रपती शिवाजी महाराजांचे नाव देण्यात आले. ज्या बागेत सोसायटीचा जन्म झाला ती राणीची बाग आज वीरमाता जिजाबाई भोसले उद्यान आहे. जिजाबाईंचे जन्मस्थान सिंदखेड राजा हे बुलढाणा जिल्ह्यात येते. याच जिल्ह्यातील ज्ञानगंगा अभयारण्यात २०१९ च्या अखेरीस एक नर वाघ पोहोचला. यवतमाळ जिल्ह्यातील टिपेश्वरहून निघून तेलंगणातून फिरत, सुमारे १,३०० किलोमीटरचे अंतर त्याने शेते, गावे आणि रस्ते ओलांडत कापले होते. गळ्यातील रेडिओ पट्ट्यामुळे त्याची वाट नोंदली गेली. १९३३ मध्ये प्रेटर ज्या शेतीच्या टापूविषयी बोलत होते, त्यातूनच ती जाते.

बोरिवलीच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानात २००९ पासून वन्य प्राण्यांच्या चर्मपूरणाचे केंद्र चालते. प्राणिसंग्रहालयांत नैसर्गिकरीत्या मरण पावलेले वाघ, सिंह, बिबटे यांची कातडी तेथे मापे घेऊन घडवलेल्या सांगाड्यांवर चढवली जातात आणि शैक्षणिक प्रदर्शनांत ठेवली जातात.